दिवा कोणाच्या हाती? : विधींतील अंधाराचा इतिहास

ग्रीसमधील बिओशिया प्रांतात लेबाडिया नावाचे एक प्राचीन नगर होते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तेथे भविष्य विचारायला येणाऱ्या माणसाला देवळाच्या पायऱ्या चढाव्या लागत नसत. त्याला जमिनीत उतरावे लागे. तेही रात्री, एकट्याने, उताणे पडून आणि पाय पुढे करून.

तेथील दैवत ट्रोफोनियस. एकेकाळचा कसबी स्थापत्यकार, ज्याला पृथ्वीने पोटात घेतले, अशी त्याची कथा. त्याच्या प्रश्नस्थानाचे वर्णन पाउसानियास या प्रवाशाने लिहून ठेवले आहे, आणि त्याचे मोल मोठे आहे; कारण पाउसानियास ऐकीव सांगत नाही. तो स्वतः त्या विवरात उतरून आला होता.

विवरात उतरण्याच्या कितीतरी आधी विधी सुरू होई. प्रश्नकर्त्याने ठरावीक दिवस एका पवित्र वास्तूत राहायचे. ऊन पाण्याने स्नान वर्ज्य. हर्किना नदीच्या थंड पाण्यातच अंघोळ करायची. अनेक देवांना बळी द्यायचे आणि त्यांचेच मांस खायचे. शेवटच्या रात्री खड्ड्यावर मेंढा कापला जाई आणि त्याच्या आतड्यांवरून पुरोहित ठरवत की दैवत भेट देईल की नाही. आधीचे सगळे बळी शुभ निघाले, तरी या एका मेंढ्याने नकार दिला की सारे थांबे.

होकार मिळाला, तर सुमारे तेरा वर्षांची दोन मुले त्याला नदीवर नेऊन तेल लावून न्हाऊ घालत. मग दोन झऱ्यांचे पाणी प्यायचे: पहिले विस्मृतीचे, म्हणजे आजवर मनात होते ते पुसले जावे, दुसरे स्मृतीचे, म्हणजे खाली जे दिसेल ते लक्षात राहावे. इतरांना कधीही न दाखवली जाणारी एक मूर्ती त्याला दाखवली जाई. अंगात तागाचा सदरा, कमरेला फिती, पायात त्या मुलखातले जोडे. असा सजून तो विवराच्या तोंडाशी उभा राही.

विवर निसर्गाने घडवलेले नव्हते. पाव भाजण्याच्या भट्टीच्या आकाराचे, नीट बांधून काढलेले, साधारण ४ हात रुंद आणि ८ हात खोल. खाली उतरायला पायऱ्या नाहीत; एक अरुंद, हलकी शिडी आणली जाई. तळाशी गेल्यावर भिंत आणि जमीन यांच्यामध्ये एक फट असे, २ विती रुंद आणि १ वीत उंच. हातात मधात मळलेल्या जवाच्या वड्या घेऊन प्रश्नकर्ता उताणा पडे, पाय फटीत घाली आणि गुडघे आत जातील अशी धडपड करी. त्यानंतरचे त्याच्या हातात नसे. वेगवान नदीचा भोवरा माणसाला ओढून नेतो, तसे उरलेले शरीर झपाट्याने आत ओढले जाई, असे पाउसानियास सांगतो.

आत काय घडे? कोणाला दिसे, कोणाला ऐकू येई. एवढेच सांगून तो थांबतो.

परत येतानाही पायच आधी बाहेर. पुरोहित त्याला स्मृतीच्या आसनावर बसवून काय पाहिले ते विचारून घेत आणि मग नातेवाइकांच्या स्वाधीन करत. तोपर्यंत तो भयाने गारठलेला असे. स्वतःचे भान नाही, भोवतालचे नाही. पुढे हळूहळू शुद्ध येई आणि हसूही परत येई. हसू परत येते हे पाउसानियासने मुद्दाम नोंदवले आहे, कारण कायम उदास असणाऱ्या माणसाला ‘हा ट्रोफोनियसकडे जाऊन आला असावा’ असे म्हणण्याची ग्रीक लोकांत रीत होती. त्याच्याही सहाशे वर्षे आधी अ‍ॅरिस्टोफनीसने ‘मेघ’ या प्रहसनात या विवराच्या भीतीवर प्रेक्षकांना हसवले होते.

लेबाडियाजवळच्याच कैरोनिया गावचा प्लुटार्क टिमार्कस नावाच्या एका तरुणाची कथा सांगतो. खाली गेल्यावर टिमार्कसला दाट काळोखाखेरीज काही दिसेना. आपण जागे आहोत की स्वप्नात, हेही कळेना. मग डोक्यावर आघात झाल्यासारखे वाटले, कवटीचे सांधे उकलले आणि आत्मा बाहेर पडून प्रकाशाच्या प्रदेशात हिंडू लागला. दोन रात्री आणि एक दिवस उलटल्यावर तो वर आला. कथा साहित्यिक आहे, शब्दशः घेण्याची नाही. परंतु ‘जागे की झोपेत हे कळेना’ हा तपशील कल्पनेने रचलेला असला, तरी अनुभवाशी जुळणारा आहे.

अंधारात डोळे मिटलेल्यासारखे स्वस्थ बसत नाहीत. मानवी डोळ्याला पूर्ण काळोखाशी जुळवून घ्यायला सुमारे अर्धा तास लागतो, आणि त्यानंतरही पाहण्याजोगे काही मिळाले नाही, तर मेंदू स्वतःच रंग, ठिपके, आकृती पुरवू लागतो. त्याहून विलक्षण गोष्ट अशी की, गडद अंधारातला स्थिर प्रकाशबिंदूही हलताना दिसतो, कारण तो ज्याच्या तुलनेत स्थिर ठरावा अशी दुसरी खूणच समोर नसते. मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हाच बिंदू वापरला. अंधाऱ्या खोलीत एकेकट्या बसलेल्या माणसांनी ‘बिंदू किती हलला’ याची वेगवेगळी उत्तरे दिली. गटात बसवल्यावर त्यांची उत्तरे हळूहळू एकमेकांच्या जवळ आली. बिंदू मात्र एकदाही हललेला नव्हता. हा प्रयोग लक्षात ठेवावा. पुढे लंडन-बोस्टनच्या दिवाणखान्यांत तो कामी येईल.

लेबाडियाच्या पुरोहितांना हे शास्त्र ठाऊक नव्हते, पण कसब पुरते अंगवळणी पडलेले होते. उपवर्ज्य, थंड पाणी, अनिश्चितता, एकांत, अरुंद फट आणि शेवटी काळोख. प्रत्येक पायरीने माणूस नेहमीच्या जगातून थोडा थोडा सुटत जाई. अंधार हा त्या साखळीतला अखेरचा दुवा होता, आणि तो बांधून काढलेला होता. विवराची मापे सांगता येतात, याचा अर्थच हा की त्याला गवंडी होता.

ग्रीकांचा दुसरा प्रसिद्ध अंधार याच्या अगदी उलट, गर्दीचा. अथेन्सपासून सुमारे २० किलोमीटरवर एल्युसिस येथे डिमिटर आणि तिची कन्या पर्सिफोनी यांचे रहस्यविधी दरवर्षी शरदात होत. दीक्षा घेणारे अथेन्सहून मिरवणुकीने येत. विधीचे मुख्य सभागृह प्रत्येक बाजूला ५० मीटरांहून थोडे अधिक, आत खांबांचे रान आणि भिंतींना लागून बसायच्या पायऱ्या. तेथे रात्री हजारो माणसे दाटीने उभी राहत. ‘मशालधारी’ हे तेथील पुरोहिताचे अधिकृत पद होते, आणि ते एका विशिष्ट घराण्याकडे वंशपरंपरेने चाले. प्रकाश कोणी आणि केव्हा आणायचा, ही बाब इतकी महत्त्वाची होती की तिच्यासाठी स्वतंत्र मानकरी लागे.

एल्युसिसमध्ये नेमके काय दाखवले जाई, ते दीक्षितांनी उघड सांगितले नाही, कारण सांगण्याची शिक्षा मृत्यू होती. इ. स. पू. ४१५ मध्ये अथेन्सचा लाडका सेनानी अल्किबिआडीस याच्यावर या विधींची घरगुती नक्कल केल्याचा आरोप आला. तो सुनावणीला न येता पळाला आणि त्याच्या माघारी त्याला मृत्युदंड सुनावला गेला. पुढे तो शत्रूपक्षाला, स्पार्टाला मिळाला. मेजवानीतल्या थट्टेची अथेन्सने मोजलेली ही किंमत पाहिली, की त्या अंधाराभोवतीचे कुंपण किती उंच होते ते समजते. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक हिप्पोलिटस म्हणतो की तेथील परम रहस्य म्हणजे शांततेत कापलेले धान्याचे एक कणीस होते. तो विरोधी पक्षाचा, म्हणून त्याची साक्ष जपूनच घ्यावी. पण समजा ते खरे असले, तरी त्यात निराश होण्यासारखे काय आहे? दिवसभर चालून, उपवास करून, काळोखात तासन्‌तास उभे राहून अचानक उजळलेल्या प्रकाशात पाहिलेले कणीस हे शेतातले कणीस राहत नाही.

देवळांचे हे अंधार मोठे, सार्वजनिक आणि खर्चिक. त्यांची घरगुती आवृत्ती रोमनकालीन इजिप्तच्या जादूच्या पपायरसांत सापडते. तेथे मांत्रिकाला काळोखी खोली, शुद्ध ठेवलेला एक मुलगा आणि तेलाचा दिवा एवढे पुरे. दिव्याला तांबडा रंग लावलेला नसावा, असे त्या पोथ्या पुन्हा पुन्हा बजावतात. ज्योतीकडे टक लावून मुलाने पाहायचे, मांत्रिकाने मंत्र म्हणायचे आणि प्रश्न विचारायचे. ही मंडळी पाककृती लिहाव्यात तशा रुक्षपणे साहित्य आणि कृती लिहितात. गूढतेचा आव त्यांना परवडत नसावा.

प्राचीन धर्म मावळले, तरी रात्रीचा उपयोग मावळला नाही. ईस्टरच्या आदल्या रात्री गोवा, वसई येथील चर्चमध्ये दिवे मालवले जातात, बाहेर नवा अग्नी पेटवला जातो आणि एका मोठ्या मेणबत्तीवरून हजारो हातांतल्या मेणबत्त्यांत ज्योत पसरत जाते. या विधीचा इतिहास गमतीचा आहे. मध्ययुगात तो हळूहळू अलीकडे सरकत शनिवारच्या सकाळी होऊ लागला, आणि कित्येक शतके कॅथलिक पुरोहित लख्ख उन्हात ‘या रात्री’चे स्तोत्र गात राहिले. पोप बाराव्या पायस यांनी १९५१ मध्ये प्रायोगिक आणि १९५५ च्या आदेशाने कायम स्वरूपात तो पुन्हा रात्री नेला. मंत्र तेच, अग्नी तोच. पण अंधाराविना विधी लंगडा पडला होता, हे चर्चलाही मान्य करावे लागले. आपल्याकडे बिनखिडकीचा गाभारा हेच काम शांतपणे करत आला आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीची किरणे मूर्तीपर्यंत पोहोचतात, तेव्हा डोळ्यांत भरतो तो प्रकाश; पण त्याला जागा करून दिलेली असते ती वर्षभराच्या अंधाराने.

या सर्व विधींत एक गोष्ट समान आहे. येथे अंधारावर कोणी पुरावा मागत नाही. ट्रोफोनियसच्या विवरातून आलेला माणूस ‘आत कोणी ओढले हे तपासा’ असे म्हणत नाही. अंधार त्याच्यावर काम करतो, त्याला बदलतो, आणि तेवढ्यावर व्यवहार पूर्ण होतो. एकोणिसाव्या शतकात मात्र याच अंधाराला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले गेले.

३१ मार्च १८४८. न्यूयॉर्क राज्यातील हाइड्सव्हिल या खेड्यात फॉक्स कुटुंबातील केट आणि मार्गारेट या लहान बहिणींच्या खोलीत रात्री ठकठक ऐकू येऊ लागली. मुलींनी प्रश्न विचारले, ठोक्यांनी उत्तरे दिली. मृत माणूस बोलतो आहे, असे शेजाऱ्यांनी ठरवले, आणि काही वर्षांतच अमेरिका व इंग्लंडमध्ये मृतांशी संवाद साधणाऱ्या बैठकांची साथ पसरली. मराठी वाचकाला प्लँचेट ठाऊक आहे. त्याचे हे माहेर.

या चळवळीचा दावा नवा होता. श्रद्धा ठेवा असे ती म्हणत नव्हती. येऊन पाहा, प्रयोग करा, असे म्हणत होती. तार आणि छायाचित्र यांच्या युगातल्या माणसाला हे आमंत्रण पटणारे होते. अडचण एकच: पाहायला बोलावले जाई आणि मग दिवा मालवला जाई.

त्यासाठी कारणे तयार होती. छायाचित्राची काच जशी अंधाऱ्या खोलीतच धुवावी लागते, उजेड लागला की बिघडते, तसेच आत्म्यांचे सूक्ष्म द्रव्यही प्रकाशात विरघळते, असे सांगितले जाई. तुलना त्या काळाला साजेशी आणि वरकरणी निर्दोष होती. अडचण अशी की, छायाचित्रकार अंधारातून बाहेर येताना हातात छायाचित्र घेऊन येई.

बैठकीची रचना पाहण्यासारखी असे. गोल टेबल, भोवती सात-आठ माणसे, शेजाऱ्याचा हात हातात. गॅसबत्ती बारीक करायची किंवा विझवायची. मग सर्वांनी मिळून भजने गायची, वातावरण पवित्र व्हावे म्हणून. गाण्यात पावलांचा आवाज बुडतो आणि हात धरलेले असल्याने प्रेक्षक एकमेकांचे पहारेकरी होतात, हे फायदे वेगळे. शेरीफ यांचा स्थिर बिंदू येथे हलू लागे. एकाने ‘गार वारा आला’ म्हटले की दुसऱ्याच्या मानेवर काटा उभा राही.

मायकेल फॅरडे यांनी १८५३ मध्ये आपोआप फिरणाऱ्या टेबलांचा छडा लावला, तोही कोणाला लबाड न ठरवता. त्यांनी हात आणि टेबल यांच्यामध्ये मऊ चिकटद्रव्याने जोडलेले पुठ्ठ्याचे थर ठेवले. टेबल आत्म्याने ओढले असते, तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला तो वरचा. म्हणजे हातच टेबलाला ढकलत होते, आणि हातांच्या मालकांना त्याचा पत्ता नव्हता. पुढे त्यांनी हाताचा दाब दाखवणारा एक काटा जोडला. तो काटा बसलेल्यांना दिसू लागला, तेव्हा टेबल फिरणेच थांबले. आपण काय करतो आहोत हे दिसत राहिले, की ते करणे बंद पडते. या लहानशा प्रयोगात पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांचे सार होते. फॅरडे यांचे ऐकायला मात्र फारसे कोणी तयार नव्हते.

१८६४ मध्ये बफेलोचे आयरा आणि विल्यम डेव्हनपोर्ट हे बंधू इंग्लंडला आले. ते स्वतःबरोबर अंधारच घेऊन फिरत: तीन दारांचे एक लाकडी कपाट. दोघांना आत दोरांनी बांधायचे, मध्ये वाद्ये ठेवायची, दारे लावायची. आत घंटा वाजत, गिटार झंकारे, भोकातून हात बाहेर येत. दारे उघडावीत तर दोघे बांधलेलेच. १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या प्रेक्षकांपैकी दोघांनी अशी गाठ मारली की आत्म्यांनाही ती सुटेना, आणि दंगल उसळली. त्याच वर्षी चेल्टनहॅमला जॉन नेव्हिल मॅस्केलिन नावाचा तरुण घड्याळजी खेळ पाहायला बसला होता. भरदुपारचा खेळ. पडदा किंचित सरकला, उन्हाची एक तिरीप कपाटात शिरली आणि आयराचा मोकळा हात वाद्य भिरकावताना त्याला दिसला. काही महिन्यांत मित्राला सोबत घेऊन मॅस्केलिनने तोच खेळ जादूचा प्रयोग म्हणून लावला, आणि पुढे तो इंग्लंडचा अग्रगण्य जादूगार झाला. एका तिरिपेने एवढे केले.

परंतु हा इतिहास केवळ लबाडीचा म्हणून वाचला, तर त्यातली अर्धी माणसे हरवतात. लंडनची फ्लॉरेन्स कुक किशोरवयातच माध्यम म्हणून प्रसिद्ध झाली. तिला बांधून पडद्याआड बसवले जाई आणि थोड्या वेळाने पांढऱ्या वस्त्रातली ‘केटी किंग’ बाहेर येई. मँचेस्टरचा एक धनिक फ्लॉरेन्सला नियमित पैसे देई. मध्यमवर्गाच्या कनिष्ठ थरातल्या मुलीला त्या काळी सभेत बोलण्याचा, पुरुषांच्या शेजारी बसून हसण्याचा, त्यांना हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता. केटी किंगला होता. अ‍ॅलेक्स ओवेन या इतिहासकाराने या स्त्रियांवरच्या १९८९ च्या ग्रंथाला ‘अंधारलेली खोली’ असे नाव दिले, ते उगीच नव्हे. अनेक तरुणींना आवाज मिळाला तो दिवा विझल्यानंतर. आणि तोही स्वतःचा म्हणून नव्हे, मृताचा म्हणून.

डिसेंबर १८७३ मध्ये विल्यम व्होल्कमन नावाच्या पाहुण्याने उठून केटीला धरले. इतर प्रेक्षक धावले ते भुताला सोडवायला! थोड्या वेळाने पडदा उघडला, तेव्हा फ्लॉरेन्स आत बांधलेली होती. सज्जन माणूस अंधारात स्त्रीला हात लावत नाही, या शिष्टाचाराने त्या रात्री तिचे रक्षण केले. पुढच्या वर्षी थॅलियम या मूलद्रव्याचे शोधक विल्यम क्रुक्स यांनी तिची तपासणी केली, विजेच्या दिव्यात केटीची चाळीसहून अधिक छायाचित्रे घेतली आणि ती खरी असल्याची ग्वाही दिली. एवढ्या मोठ्या रसायनज्ञाने अशी साक्ष का दिली, यावर आजही वाद आहे. जानेवारी १८८० मध्ये जॉर्ज सिटवेल यांनी पुन्हा एकदा बैठकीत भुताचा हात पकडला. या वेळी तो सुटला नाही. हातात होती ती केवळ आतल्या कपड्यांतली फ्लॉरेन्स. पडद्याआडची खुर्ची रिकामी होती.

या वाऱ्याची एक झुळूक मुंबईपर्यंत आली. कर्नल हेन्री ऑल्कॉट हे अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लष्करी पुरवठ्यातले घोटाळे उघडकीस आणणारे अधिकारी. १८७४ मध्ये ते व्हरमाँटमधील चिटेंडन येथे एडी बंधूंच्या शेतघरात, मंद प्रकाशात प्रकटणाऱ्या आत्म्यांची बातमी लिहायला गेले. तेथेच त्यांना हेलेना ब्लाव्हाट्स्की भेटल्या. पुढच्या वर्षी दोघांनी न्यूयॉर्कमध्ये थिऑसॉफिकल सोसायटी स्थापली, आणि १६ फेब्रुवारी १८७९ रोजी ते मुंबईत उतरले. गिरगावात बिऱ्हाड थाटले, तेथूनच ‘थिऑसॉफिस्ट’ मासिक सुरू झाले. ‘जातिभेद विवेकसार’ लिहिणारे तुकाराम तात्या पडवळ यांच्यासारखे लोकही पुढे या संस्थेत आले. तेव्हा तिच्याकडे माणसे केवळ चमत्कारांसाठी वळली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरी चमत्कार होतेच, आणि ब्लाव्हाट्स्कींचे बरेचसे चमत्कार दिवसाउजेडी घडत. अंधार मात्र पुरता सुटला नव्हता. तो आकसून एका कपाटात मावला होता. १८८२ च्या अखेरीस संस्था मद्रासजवळ अड्यारला गेली. तेथे भिंतीवर एक कपाट होते. त्यात पत्र ठेवायचे, दार लावायचे, आणि उघडावे तो महात्म्याचे उत्तर हजर. डेव्हनपोर्टांच्या कपाटाचे हे धाकटे भावंड. १८८४ मध्ये संस्थेत राहिलेल्या एमा कुलोंब या बाईने आरोप केला की कपाटाच्या मागे सरकती फळी आहे. मद्रासच्या एका ख्रिस्ती मासिकाने तिच्याकडची पत्रे छापली. लंडनच्या मानसिक संशोधन संस्थेने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीला पाठवले. ते पोहोचण्यापूर्वीच ते कपाट संस्थेच्याच लोकांनी नष्ट केले होते! १८८५ चा हॉजसन यांचा अहवाल ब्लाव्हाट्स्कींना फसवणुकीचा दोष देतो. एका शतकाने, १९८६ मध्ये, त्याच लंडनच्या संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन या हस्ताक्षरतज्ज्ञाने हॉजसन यांच्या पद्धतीवर कडक टीका केली. वाद चालू राहिला, कारण पाहण्याजोगी वस्तूच उरली नव्हती.

१८८८ मध्ये मार्गारेट फॉक्सने न्यूयॉर्कच्या रंगमंचावर, हजारोंसमोर, जोडा काढून दाखवले की चाळीस वर्षांपूर्वीची ती ठकठक तिच्या पायाच्या बोटाच्या सांध्याची होती. वर्षभरात तिने आपली कबुली मागे घेतली. चळवळीला दोन्हींमुळे फारसा फरक पडला नाही. तिचे बळ ठकठकीत नव्हतेच. अमेरिकेच्या यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली होती. पहिल्या महायुद्धात त्याहून कितीतरी अधिक, आणि अनेकांचे मृतदेह कधीच घरी आले नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांचा मुलगा रेमंड १९१५ मध्ये आघाडीवर मारला गेला. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच्याशी परलोकातून झालेल्या संवादांचे पुस्तक काढले. दफन करायला देह नाही, निरोप नाही. अशा आईबापांना कोणी अंधाऱ्या खोलीत बसवून ‘आई’ अशी हाक ऐकवली, तर त्या क्षणी त्यांना मॅस्केलिनची तिरीप नको होती.

हॅरी हूडिनी यांना ती हवी होती, आणि त्यांनाही आई गेल्याचे दुःख होतेच. १९२४ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाने खऱ्या माध्यमासाठी ठेवलेल्या बक्षिसाच्या समितीत ते होते. बोस्टनमध्ये ‘मार्जरी’ या नावाने गाजलेल्या मीना क्रँडन यांच्या बैठकीत टेबलाखालची पेटीतली घंटा आपोआप वाजे. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही, हे हूडिनींना धंद्यामुळेच ठाऊक होते. म्हणून त्यांनी दिवसभर पोटरीवर रबराची पट्टी करकचून बांधून ठेवली. संध्याकाळपर्यंत कातडी इतकी हुळहुळी झाली की कपड्याचा स्पर्शही जाणवे. बैठकीत त्यांनी विजार वर सारली आणि आपला पाय मार्जरीच्या पायाला भिडवला. दिवा गेला. घंटा वाजण्याआधी तिचा घोटा तसूतसूने सरकताना त्यांना कळत गेला. बक्षीस दिले गेले नाही.

शेवटचा मोठा अंक न्यायालयात घडला. स्कॉटलंडच्या हेलन डंकन तांबड्या मिणमिणत्या दिव्यात तोंडातून पांढरे ‘आत्मद्रव्य’ काढून दाखवत; १९३१ मध्ये संशोधक हॅरी प्राइस यांनी ते विरविरीत कापड गिळून पुन्हा बाहेर काढलेले असावे असा निष्कर्ष काढला होता. पण महायुद्ध आले आणि डंकन नौदलाच्या पोर्ट्समथमध्ये बैठका घेऊ लागल्या. ‘बारहॅम’ ही युद्धनौका २५ नोव्हेंबर १९४१ रोजी शेकडो खलाशांसह बुडाली होती आणि सरकारने ती बातमी काही आठवडे दडवली होती. याच काळात डंकन यांच्या बैठकीत बारहॅमचा बुडालेला खलाशी प्रकटला, असे पुढे सांगितले जाऊ लागले. बंदरातल्या गावात अशी कुजबुज आधीच फिरत असणार, ही शक्यता सांगणारे सहसा विसरतात.

जानेवारी १९४४ मध्ये पोर्ट्समथच्या बैठकीवर पोलिसांनी छापा घातला. एका पोलिसाने भुताला पकडायला झडप घातली. धावपळ झाली, दिवे लागले. पांढरे कापड मात्र कोठेही सापडले नाही. खटला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात उभा राहिला, तो १७३५ च्या जादूटोणा कायद्याखाली. नावावरून वाटते त्याच्या उलट, हा कायदा चेटूक खरे मानत नव्हता. चेटकाचे सोंग आणण्याला तो शिक्षा देत होता. डंकन यांना ९ महिन्यांची कैद झाली. १९५१ मध्ये ब्रिटिश संसदेने तो कायदा रद्द करून त्या जागी फसव्या माध्यमांविरुद्धचा नवा कायदा आणला.

बचावपक्षाने त्या खटल्यात साक्षीदारांची रीघ लावली होती. आपला मृत मुलगा, नवरा, बहीण यांना त्या खोलीत प्रत्यक्ष पाहिल्याचे लोक शपथेवर सांगत होते. त्यांच्यापैकी कोणी खोटे बोलत होते असे वाटत नाही. वकिलांनी आणखी एक तयारी दाखवली: डंकन बाई ज्युरीसमोर बैठक घेतील, ज्युरीने स्वतःच पाहून ठरवावे. हा प्रस्ताव ज्युरीपुढे ठेवला गेला. त्यांनी तो नाकारला.